पहिला तोडा बाहेर

मखमलाबाद, नाशिक
७ मार्च २०२१

गोरक्षदादा, नमस्कार घे. तब्येत विचारत नाय. फोटोत तुझं पोट दिसलं, म्हणजे केनिया मानवला.

तू म्हणशील ही बया कागदावर लिहून त्याचा फोटो काय पाठवती. तर मागं मी मोबाईलात बोलून पाठवलं ते तू तिथं गुलाबाच्या शेडात सगळ्यांसमोर लावलं. माझ्या शिव्या ऐकून तुझी तिकडची माणसं हसली म्हणे. म्हणून आता कागद. चौथीपर्यंतचं अक्षर हाय, जुळवून वाच. आणि तूही लिहूनच पाठव. तुझा आवाज आला का आई मोबाईल कानाला लावून रडत बसती आणि मोबाईल अडकून राहतो. लिहिलेलं मी तिला वाचून दाखवीन.

आता कामाचं. इथं साठीच्या वरच्यांना लस सुरू झाली. माझ्या सुनेनं, शुभांगीनं, मोबाईलवर आईचा नंबर लावला. गंगापूर रोडचं सेंटर मिळालं. रिक्षा दारात आली. आणि तुझी आई ओट्यावर मांडी घालून म्हणती, "मी नाय येत. आधी बाहेरच्यांना जाऊ द्या."

हे कुठून आलं तर टीव्हीतून. पुण्याची लस विमानात बसून देशोदेशी चालली असं दाखवलं. खाली नावं पळत होती, त्यात केनिया आलं. मी म्हणलं, घ्या! पुण्याहून नाशकाला यायचं तर लसीला घाट चढवत नाय, आणि समुद्र कसा उडी मारून ओलांडला. इथं म्हातारे रांगेत चक्कर येऊन पडू राह्यले आणि सरकारला जगाचं पुण्य पाहिजे. घरच्यांना ताक, पाहुण्यांना बासुंदी.

तर ती माझ्यावरच डाफरली. "नवसे, झेंडूचा पहिला तोडा आपण कधी विकलाय का गं? पहिली खुडलेली फुलं बाहेर जातात. गोदागंगेवर देवाला, लेकीबाळींना, शेजारपाजारी. मग आपण हात लावायचा. सरकारला एवढं तरी कळलं म्हणायचं."

दादा, दिल्लीवाले बहुतेक मखमलाबादला येऊन आपल्या आईला विचारून गेले. मी बाजारात असेन तेव्हा.

रिक्षावाला शिव्या देत गेला. आता तू लिही तिला. साखर हाय, दोन पायऱ्या चढली का दम लागतो, आणि गावात परत खोकला सुरू झाला. तुझं ऐकती ती. माझं ऐकत असती तर मी पेन हातात धरलं असतं का?

नवसाबाई


नैवाशा, केनिया
२९ मार्च २०२१

नवसे,

तुझं पत्र जुळवून वाचलं. अर्ध्या तासाने कळलं की 'लसूण' नाही, 'लस' लिहिलंय. असो.

हे आईला वाचून दाखव.

आई, साष्टांग नमस्कार. मला लस मिळाली. इथं अठ्ठावन्नच्या वरच्यांना देतायत आणि तुझा मुलगा आता म्हातारा झाला हे इथल्या सरकारने मान्य केलं. आमच्या फार्मवर वांजिरू म्हणून बाई आहे. मी कोल्ड रूमची मशिनं बघतो, ती तिथेच गुलाबांच्या जुड्या बांधते. माझ्याहून मोठी आहे. आम्ही एकाच दिवशी गेलो. खोक्यावर इंडिया लिहिलेलं. मी नर्सला म्हटलं, हे माझ्या घराशेजारच्या गावचं आहे. ती म्हणाली, मग तुम्हाला ओळखेल, हात पुढे करा.

तुझा पहिल्या तोड्याचा नियम मी वांजिरूला सांगितला. तिला फार आवडला. म्हणाली, तुझ्या आईला सांग, आमच्याकडे पोचलं. आता तिनं हात लावावा.

तर आई, पहिला तोडा पोचला. आता तू जा. आमचा दुसरा डोस मे महिन्यात आहे.

नवसे, झालं ना काम? उगाच सरकारला बोलतेस.

गोरक्ष


मखमलाबाद
२२ एप्रिल २०२१

दादा,

झालं हां काम. लय छान झालं. ऐक.

तुझं पत्र वाचलं तशी आई उठली. "पोचलं म्हणती ना ती बाई? चल मग." इरकल नेसली, जशी काय लग्नाला चालली. सेंटरवर गेलो तर फाटकाला कुलूप आणि पुठ्ठ्यावर खडूनं लिहिलेलं, आज लस शिल्लक नाही. परत गेलो, परत पुठ्ठा. तोच पुठ्ठा, नुसती तारीख पुसून बदलली होती. तेवढी हुशारी हाय.

मग लॉकडाऊन. फुलबाजार बंद. देवळं बंद, लग्नं बंद, झेंडू मात्र कुणाला विचारून फुलतो का? ट्रॉल्या भरून बांधावर ओतला. गायींनीही तोंड फिरवलं.

आणि दादा, आपले खंडेरावकाका गेले. वरच्या वस्तीवरचे, तुला सायकल शिकवलेले. खाटेसाठी त्यांना सगळ्या नाशकातून फिरवलं. आडगाव झालं, पंचवटी झाली, सातपूरपर्यंत नेलं. शेवटी रिक्षातच मान टाकली. माणसं खांदा द्यायला नाय, आणि टीव्हीवर विमानं.

म्हणून सरकारनं लस बाहेर पाठवायची थांबवली असं आलं तेव्हा मी म्हणलं, आली अक्कल. उशिरा आली पण आली. पण मी हे म्हणलं ते आईसमोर म्हणलं, तिथं चुकलं.

"थांबवली म्हणजे?" आई म्हणाली.

"म्हणजे आता आपल्याला मिळंल."

"आणि तिकडच्यांचं दुसरं? गोरक्षाचं? त्या बाईचं?"

"त्यांचं त्यांचं सरकार बघंल."

तर मला म्हणती, "असं कसं? बाईला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, तांदळाची एक ओंजळ ओटीत घातली आणि मधीच म्हणलं का ऊठ, नारळ घरात लागतो? अर्धी ओटी भरून कुणाला दारातून काढायचं नसतं नवसे. दळिद्र लागतं. माझ्या नावानं अडवलेलं मी नाय घेणार."

आता मला सांग. सरकारनं कुणासाठी थांबवली? इथल्या म्हाताऱ्यांसाठी. इथली म्हातारी काय म्हणती? नको. हे सरकारला कळवायचं असेल तर कुठल्या नंबरवर फोन करायचा, तुला माहीत असेल तर सांग. आमच्या दारची एक बाटली परत न्या म्हणावं.

मला भीती वाटती दादा. काकांचा चेहरा डोळ्यांपुढून जात नाय. आईचा चेहरा तसाच हाय, दोघं एकाच वयाची. काहीतरी कर.

नवसाबाई


नैवाशा
५ मे २०२१

नवसे,

काकांचं वाचून दिवसभर हात चालला नाही. मी सायकलवरून पडलो की ते मला न उचलता आधी चाक बघायचे, ते आठवलं.

पुढचं आईला वाचू नकोस.

आमचा दुसरा डोस लांबला. नर्सला विचारलं कधी, तर म्हणाली, तुमच्या देशाला विचारा. शेडात पण पोरं मला विचारतात. जसं काही पुण्याच्या कारखान्याची किल्ली माझ्या खिशात आहे. मी कोल्ड रूममध्ये जाऊन बसतो, तिथं थंडीने कोणी येत नाही.

वांजिरूने मात्र किल्ली मागितली नाही. टीव्हीवर आपल्याकडच्या चिता बघितल्या तिने. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, तुझ्या आईला मिळाली का? मी हो म्हणालो. आता तू मला खोटं पाडू नकोस. आईला काहीही सांग, पण घेऊन जा.

तुझी स्वतःची तब्येत कशी आहे, ते एका ओळीतही लिहिलं नाहीस.

गोरक्ष


मखमलाबाद
३ जून २०२१

दादा,

मधी लिहिलं नाय. ताप होता. गावात सगळ्यांना होता, मला सोडून कशाला जाईल. आता बरी हाय. चालताना भिंत धरावी लागती, पण भिंत आपल्याच घरची हाय.

तुला सांगणार नव्हते, पण शुभांगी सांगंलच. मी स्वतःला मागच्या खोलीत कोंडून घेतलं होतं. आईला म्हणलं, दारात यायचं नाय. तर ती तोंडाला पदर बांधून खिडकीतून भाकरी आत सरकवायची. मी आतून ओरडायची, जा, मरशील. ती बाहेरून म्हणायची, गिळ. असे आमचे मायलेकीचे गोड संवाद. तिला काय झालं नाय ही खंडोबाची कृपा. सरकारची यात कृपा नाय, तिचीही नाय.

म्हणून उठून बसले आणि पहिलं काम खोटं बोलायचं केलं. तूच म्हणला होता काहीही सांग. तुझं जुनं पत्र मोबाईलवर उघडलं आणि वाचल्यासारखं केलं, "आई, मला दुसरा डोस मिळाला. डाव्या हाताला दिला. वांजिरूलाही मिळाला. आता तू घे."

आई म्हणाली, "परत वाच."

मी परत वाचलं.

"आता परत वाच."

"कितीदा वाचू?"

"लेकाचं पत्र हाय, मला ऐकू वाटतं."

तिसऱ्यांदा वाचलं तर म्हणती, "पहिल्यांदा डावा हात, दुसऱ्यांदा उजवा, आता हाताचं नावच नाय. गोरक्षाचं पत्र हाय का कीर्तनकाराचं? रोज नवं आख्यान?"

दादा, मी फुलबाजारात दलालाच्या तोंडावर खोटं बोलते, शिळ्या फुलाला सकाळचं म्हणते, पापणी हलत नाय. पण त्या बाईसमोर माझा उजवा-डावा चुकला.

मग चिडून सगळं खरं वाचलं. तुझं कोल्ड रूममध्ये लपणं, ती पोरं, वांजिरूनं विचारलेलं, तू हो म्हणलेलं. सगळं. आईनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आमच्या नावानं तोंड लपवायची पाळी आली त्याच्यावर." आणि लगेच, "त्या वांजिरूबाईला साखर हाय का, विचार त्याला."

झालं. माझी आई आता केनियाची पण आरोग्यमंत्री. इकडची सगळी कामं आटपली ना.

नवसाबाई


नैवाशा
४ जुलै २०२१

नवसे,

तू आजारी होतीस आणि मी इथं गुलाब थंड करत होतो. यापुढे ताप आला तर आधी शिवी लिहून पाठव, म्हणजे मला कळेल जिवंत आहेस.

आता आनंदाची बातमी, आणि ही खरी आहे. एकदाच वाच, हात बदलू नकोस. मला दुसरा डोस मिळाला. डावा हात. वांजिरूलाही मिळाला, त्याच दिवशी, माझ्यामागे उभी होती. तिला साखर नाही, गुडघे आहेत. डेन्मार्क नावाचा देश आहे युरोपात, त्यांच्याकडची लस त्यांनी इकडे पाठवली.

ओटी पूर्ण भरली, असं सांग आईला. आता तिच्याकडे काही कारण राहिलं नाही.

गोरक्ष


मखमलाबाद
१८ जुलै २०२१

दादा,

तू आईच्या पोटी जन्मून तिला ओळखत नाय. "कारण राहिलं नाही" म्हणे! तिच्याकडं कारणांचं पीक बारमाही येतं, ठिबक लावलेलं.

मी वाचलं. डावा हात वाचला, एकदाच. आईनं तुझ्या नावानं देवाला साखर ठेवली. मी म्हणलं, जमलं. शुभांगीला डोळ्यानं खुणावलं का नंबर लाव. तेवढ्यात ती म्हणती, "हे डेनमार कोण?"

मी सांगितलं.

"आपले नाय?"

"नाय."

तर खाली बसली. म्हणाली, "म्हणजे आपण पाटावर बसवलेल्या बाईची ओटी शेजारणीनं येऊन भरली. सगळ्या गावादेखत. याच्यापरीस ती रिकामी उठली असती तर बरं."

"अगं पण मिळाली ना त्यांना!"

"त्यांना मिळाली. आपलं द्यायचं राहिलं ना."

मी चिडून म्हणलं, "आई, तू मेलीस ना, तर मी तुझ्या दहाव्याला डेन्मार्कला बोलावीन."

तर म्हणती, "बोलाव. त्यांना जेवू घाल पोटभर. त्यांनी लाज राखली."

आता हसावं का डोकं आपटावं? रोज टीव्हीवर तिसरी लाट, तिसरी लाट चाललंय. लाटच ती, येताना आपल्याला विचारणार हाय का? माझं सगळं संपलं दादा. गोड बोलून झालं, खोटं बोलून झालं, खरं बोलून झालं. उचलून नेली असती, पण तापानं माझ्याच अंगात बळ ठेवलं नाय.

नवसाबाई


नैवाशा
२६ जुलै २०२१

नवसे,

वांजिरूला सगळं सांगितलं. ती हसून हसून टेबलावर पडली, मग डोळे पुसले. म्हणाली, तुझी आई तुझ्या बहिणीशी कशाला भांडते? ज्यांनी अडवली त्यांच्याशी भांडू दे.

मला पटलं. आईला म्हण, मला विचारू नकोस, तिथं जाऊन सरकारलाच विचार. ती भांडायला येईल. भांडायला ती कुठंही येते, तू तिचीच मुलगी आहेस.

गोरक्ष


मखमलाबाद
१३ ऑगस्ट २०२१

दादा,

बसून वाच. कोल्ड रूममध्ये असशील तर बाहेर ये.

आईला म्हणलं, "माझ्याशी डोकं लावू नको. सरकार गंगापूर रोडला बसलंय, जा आणि विचार." तशी तिनं चपलाच घातल्या. "चल. विचारते."

या वेळेला पुठ्ठा नव्हता. माणसं मात्र इतकी का रांगेला शेपूट सापडंना. एक दाढीवाला मधी घुसत होता, त्याला आईनं असं काही झापलं का लोकांनी तिलाच पुढं जाऊ दिलं. आत टेबलामागं नर्स. पोरगीच. घामानं भिजलेली, मास्कची दोरी गालात रुतलेली, डोळे लाल. तिनं न बघताच म्हणलं, "आजी, बाही वर करा."

आई म्हणाली, "करते. आधी मला एक सांग. तिकडच्या देशांची दुसरी लस पाठवली का?"

नर्सनं मान वर केली.

आणि मग दादा, आईनं सगळं सांगितलं. पहिला तोडा, गंगा, तू, वांजिरू, तिचे गुडघे, पाट, कुंकू, ओंजळ, डेनमार. मागं रांग ओरडू राह्यली, "आजी, कीर्तन घरी!" मी कपाळाला हात लावून उभी. मला वाटलं आता ही पोरगी आम्हाला हाकलणार, आणि हाकललं तर मी तिला दोष देणार नाय.

तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग सिरिंज हातात तशीच धरून म्हणाली, "हो आजी. पाठवली. आधी तिकडची पाठवली, मगच ही तुमच्यासाठी उघडली."

"खरं?"

"मी सरकारी माणूस हाय आजी. खोटं कशाला बोलू?"

आईनं एकदा तिच्याकडं बघितलं. पार खोलवर. हीच ती आई, जिनं माझा डावा-उजवा पकडला. मला वाटलं, आता म्हणती, परत सांग. पण नाय. बाही वर केली. "दे मग," म्हणाली.

टोचलं तेव्हा मीच डोळे मिटले.

पाच महिने मला जमलं नाय ते त्या पोरीनं घाम पुसता पुसता केलं. बाहेर झाडाखाली बसलो तेव्हा संग आलेल्या शुभांगीला मोबाईलवर बघायला लावलं, का पाठवली का खरंच. ती म्हणाली, नाय आत्याबाई, अजून बंदच हाय. मी म्हणलं, गप. ते मिटव.

आई तिथं बसून खुशीत होती. मला म्हणती, "बघ, नुसतं विचारायला पाहिजे होतं. तू उगाच सरकारला नावं ठेवती." मी, नवसाबाई, आयुष्यात पहिल्यांदा काही बोलले नाय. चणे आणले आणि खाल्ले.

रात्री तिला जरा ताप आला. मी खिडकीतून भाकरी सरकवली आणि म्हणलं, गिळ.

नवसाबाई


मखमलाबाद
२ डिसेंबर २०२१

दादा,

आईचा दुसरा झाला. तीच नर्स. आईनं तिला विचारलं नाय, नुसतं डोक्यावरून हात फिरवला. पोरगी बावरली.

दसऱ्याच्या झेंडूचा पहिला तोडा निघाला तेव्हा आई म्हणाली, यंदा एक टोपली गंगापूर रोडला. मीच नेली. पोरीला म्हणलं, ही म्हातारीकडून. ती हळूच म्हणाली, "मावशी, मी त्या दिवशी त्यांना खोटं सांगितलं हो. रांग थांबली होती. मनाला लागून राहिलंय." मी म्हणलं, लागू दे, त्यानं कुणी मरत नाय.

आता कालची बातमी. लस परत बाहेरच्या देशांना जायला लागली. टीव्हीवर तीच खोकी, तेच विमान, हात जोडलेली माणसं पण बहुतेक तीच. आई बघत होती. म्हणाली, "हे तर मागंच पाठवलं होतं ना? परत पाठवू राह्यले. चांगलं हाय. देणाऱ्यानं मोजू नये."

मी म्हणलं, हो.

आज बाजारातून येताना सेंटरवर थांबले. पोरीला खिडकीतूनच ओरडून सांगितलं, "ए बाई, तू खोटं नव्हती बोलली. सरकारी माणूस ना तू, मग बातमी आधी आणि काम मागून!"

ती हसली का रडली ते मास्कमुळं कळलं नाय. मागं रांग ओरडत होती, म्हणून मी निघाले.

वांजिरूबाईला सांग, आमच्याकडं पोचलं.

नवसाबाई